तुम्ही यवतमाळला जातो म्हणाले होते

अहो, तुमचंच बरोबर होतं. त्या मशीनचा पॉवर सप्लायच गेला होता.

हे कबूल करायला मला सतरा दिवस लागले, आणि कबूल केलं तेव्हा समोर तुमचं रिकामं स्टूल. एरवी मी अशी हरले असते तर तुम्ही कळंबच्या अख्ख्या स्टँडवर दवंडी पिटली असती. चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलं असतं, "आज रत्ना हारली बावा, तिच्या हातचा चहा पिऊन राह्यलो, तुमचा नोको." आता मी हरले तरी कोणाला काय त्याचं.

लिहायला बसले की माझ्या हातून शाळेतली मराठी येते. तुम्ही चिडवायचे, "बोलते तं चांगली वऱ्हाडी, अन् पेन धरला का पुण्याची मास्तरीन." चिडवा. कितीही चिडवा. आज मी उलटून बोलणार नाही.

मागच्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उभा राहून तुमच्याबद्दल बोलला. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. शाळेचे कॉम्प्युटर सुटीच्या दिवशी जाऊन दुरुस्त करून दिले, कोणाच्या पोरीचा फॉर्म भरायच्या दिवशीच लॅपटॉप बंद पडला तर हातातलं जेवण सोडून धावले, असं सगळं. पण प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट एकच. "मिलिंदभाऊ लय चांगला, पण हट्टी. दुखणं अंगावर काढलं. वेळेवर दवाखान्यात गेला असता तं आज असता." तुमचे गजूभाऊ, लहानपणापासूनचे मित्र, ते तर रडत रडत म्हणाले, "इतका हुशार माणूस, पण दवाखान्याचं नाव काढलं का उठून जाये." लोकांनी माना हलवल्या. तुमच्या आईंनीही हलवली. मी त्यांच्या शेजारी पांढरी साडी नेसून बसले होते, आणि गप्प होते.

तुम्ही हट्टी नव्हते. तुम्ही जातो म्हणाले होते. मी जाऊ दिलं नाही. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि इतके दिवस मी माझी चूक तुमच्या नावावर खपवून राह्यले. रोज कोणी ना कोणी भेटायला येतं, आई त्यांना तेच सांगतात, "माह्या लेकानं आयकलं नाही," आणि मी आतून पाण्याचे ग्लास आणून देते. आपल्याला लेकरू नाही. घरात आता त्या आणि मी. खरं सांगितलं आणि त्यांनी तोंड फिरवलं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहून जगू, ही भीती. दुसरं काही नाही. भित्री आहे मी. तुम्ही मला वाघीण म्हणायचे, ते चूक होतं.

तुम्ही गेले त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी जिनिंगवाल्यांनी ती मशीन आणून टाकली, आठवतं? काट्यावरची. कापसाच्या गाड्या ज्या काट्यावर मोजतात, त्याला जोडलेला कॉम्प्युटर. मॅनेजर घामाघूम झाला होता. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, लोक शिव्या देऊन राह्यले, पावत्या हातानं लिहून राह्यलो, असं एका दमात बोलला. तुम्ही झाकण उघडलं तर आत कापूसच कापूस, पंख्याला रुई गुंडाळलेली. "अबे, याच्यात तं एक उशी भरते," तुम्ही म्हणाले, आणि मॅनेजरलासुद्धा हसू आलं. ब्लोअर मारून ती साफ केली. जुनी विंडोज पार बिघडली होती म्हणून नवी टाकायला घेतली, आणि तिथून आपली परीक्षा सुरू झाली. अर्ध्यात आलं की मशीन आपोआप बंद, आपोआप चालू, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा अठरा टक्क्यांवर, एकदा त्रेचाळीसवर. एकदा एकसष्टपर्यंत गेली तेव्हा आपण दोघांनी श्वास धरला होता. तिथंही गेलीच.

आपली रीत होती. मशीन अडली की तिच्यावर कागदी टेप चिकटवायची आणि काही बदलण्याआधी दोघांनी त्यावर आपापला अंदाज लिहायचा, तुम्ही निळ्या पेनानं, मी लाल. हरेल त्यानं चहा मांडायचा. किती वर्षं चाललं हे! तुमच्या मते जगातला प्रत्येक बिघाड एक तर तारेत, नाही तर विजेत. माझ्या मते यंत्र गरीब असतं, त्याला शिकवणाराच चुकतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आपण कडाकडा भांडायचो आणि त्याला वाटायचं, आता हे नवरा-बायको आपल्यापायी घर मोडतात. त्या टेपवर तुम्ही लिहिलं, "सप्लाय". मी लिहिलं, "पेनड्राइव्ह".

विंडोज ज्यातून टाकतो तो पेनड्राइव्ह मी तीनदा नव्यानं तयार केला. तिन्हीदा तोच खेळ. तुमच्याकडे नवा सप्लाय त्या दिवशी नव्हता, यवतमाळहून मंगळवारच्या बसनं यायचा होता. तोवर हात रिकामे कशाला, म्हणून तुम्ही रॅम बदलून पाहिली. ती बोटाएवढी हिरवी पट्टी, तुम्ही न बघतासुद्धा बसवायचे. चांगल्या डब्यातली घेतली.

काउंटरखाली आपले बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे. एकात मेलेले पार्ट, एकात चांगले. कुठल्या मशीनमध्ये काय गेलं ते कळत नसलं की चांगल्या डब्यातला पार्ट लावून पाहायचा. त्या डब्यावर आपला देवावर नसेल इतका विश्वास. आणि आपण तर देव मानणारेही नाही. त्यातलं काही पुन्हा तपासून घ्यायचं हे कधी आपल्या डोक्यातच आलं नाही. चांगल्या डब्यात आहे म्हणजे चांगलंच आहे.

रॅम बदलली, तरी मशीन अर्ध्यातून परत. मंगळवारी दुपारी नवा सप्लाय आला. तुम्ही तो लावला आणि माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला. सदतीस टक्क्यांवर मशीन बंद पडली. मी टाळी वाजवली हो. खरंच वाजवली. तुमचा चेहरा उतरला आणि मला मजा वाटली.

त्या संध्याकाळी तुम्ही चहा केला. हरल्याचा. करता करता भिंतीला टेकले, म्हणाले, "कसंतरीच होऊन राह्यलं वं." मी कीबोर्डवरून मान वर न करता बोलले, "गॅस असन. सकायी वांग्याची भाजी दोनदा घेतली ना." ओवा दिला. तुम्ही चावला. मग तुम्हीच म्हणाले, "गेल्या साली शिबिरात ईसीजी काढला होता ना आपन?" आणि मी म्हटलं, "चांगला आला होता. कपाटात ठेवला हाये. तुमाले काय होते, घोड्यासारखे तं हायेत." तुम्हाला बरं वाटलं असेल ते ऐकून. मला तर वाटलंच.

बुधवारी सकाळी दुकान झाडून झालं होतं. मी तुमचा शर्टही सांगू शकते, तो चौकटीचा, कोपरावर विटलेला. तुम्ही काउंटरच्या अलीकडे उभे होते. म्हणाले, "रत्ना, मी यवतमाळले जाऊन येतो. दाखवून येतो एकदा." इतकंच. आवाज नेहमीचा होता. चेहरा कसा होता ते मला माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही. मी त्या मशीनच्या पडद्याकडे बघून राह्यले होते. आणि मी हसून म्हटलं, "हारले म्हनून पयून राह्यले. दुपारी मॅनेजर येते, त्याले मी एकटी काय सांगू? हे झालं का जा ना."

तुम्ही पण हसले. "बरं बावा, नाही पयत," म्हणून स्टूल ओढून बसले.

एवढंच. यातलं एकही वाक्य मोठ्या आवाजात नव्हतं. आपण याहून कितीतरी जोरानं भांडलो असू, अबोले धरले, मी माहेरी निघून गेले होते एकदा तीन दिवस. त्यातल्या कशानं काही झालं नाही. आणि एका हसण्यानं झालं. साडेबाराला तुम्ही पेचकस हातात धरून डोकं टेबलवर ठेवलं. मला वाटलं, खाली काही पडलं, ते पाहून राह्यले. ऑटोत घातलं तेव्हा तुमचा हात अजून गरम होता, आणि आपल्या कळंबमध्ये दवाखाना असा कितीसा लांब. तेवढंही अंतर तुम्ही राहिले नाहीत.

मला तुमचाही राग येतो, सांगून ठेवते. भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तरी वाद घालणारा माणूस तुम्ही. माझं एक कधी ऐकलं? मग त्या एका दिवशी काहून ऐकलं? "गप बस, मी चाललो," म्हणून निघाले असते तर मी काय पाय धरले असते? चार शिव्या घातल्या असत्या आणि कामाला लागले असते. बसमध्ये तरी बसायचं होतं. यवतमाळला पोचले असते, नसते पोचले, पण निघायचं तरी होतं. कायले बसले तुम्ही?

हे लिहून झालं की राग जातो, आणि मग उरतं ते त्याहून वाईट आहे.

नवव्या दिवशी मी दुकान उघडलं. लोक म्हणाले, घरी बसून काय करशील. खरं आहे. पहिलाच माणूस प्रिंटर घेऊन आला, दारातून आत वाकला, "भाऊ नाही का?" म्हणाला, मग त्यालाच आठवलं, जीभ चावली आणि "बरं, मंग येतो" म्हणून प्रिंटर तसाच घेऊन गेला. असे चार-पाच गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला माऊस कुठल्या हातात धरायचा तेही येत नव्हतं, आणि तुम्ही मला पहिल्या महिन्यात मशीन उघडायला बसवलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं होतं, "भाऊ, बाईले काय समजते यातलं." तुम्ही मान वर न करता उत्तर दिलं, "याचं सारं तेच पाह्यते. मी फक्त पेचकस देतो तिले." आणि खरंच माझ्या हातात पेचकस दिला. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं उभी होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही फुगून बसाल म्हणून नाही सांगितलं. आता सांगते. मला तुम्ही माणूस केलं.

काल मॅनेजरचा फोन आला. बिचारा घाबरत बोलला. "ताई, काटा दुसऱ्या मशीनवर सुरू केला. जुनी असन तशी परत दिली तरी चालते." ती तशीच उघडी पडून होती, तुम्ही सोडली तशी. मी झाकण लावायला घेतलं आणि लावता येईना. टेपवर तुमचं अक्षर. म्हटलं, मिलिंदची मशीन अर्धवट परत जाणार नाही. हो, नाव घेतलं. घेते आता, कोण अडवते.

तुम्हीच शिकवलेलं आठवलं. एक पार्ट बदलायचा, पाहायचा, फरक पडला नाही तर जुना जागेवर परत, मगच दुसरा. एका वेळी दोन कधीच नाही. आणि मला दिसलं की आपण हेच केलं नव्हतं. रॅम बदलली तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला होता, तुम्ही त्याच्याशी बोलत बाहेर गेले, आणि डब्यातली रॅम मशीनमध्येच राहिली. मी काटेवाल्यांची जुनी रॅम परत लावली. बाकी काहीच केलं नाही. मशीन चालू केली. अठरा गेलं. त्रेचाळीस गेलं. एकसष्ट गेलं. मी भिंत धरून उभी होते. शंभर झालं, आणि पडद्यावर विचारलं की या कॉम्प्युटरला नाव काय द्यायचं. मी खाली बसले.

मग खात्री करायला जुना सप्लाय परत लावून पाहिला. मशीन लगेच बंद पडली. म्हणजे तुमचा अंदाज पहिल्यापासून खरा होता. मंगळवारी तुम्ही नवा सप्लाय लावला तेव्हाच तो बिघाड संपला होता. पण तोवर आपणच आत दुसरा घालून ठेवला होता. चांगल्या डब्यातली रॅम खराब होती. मी ती हातात घेऊन उजेडात धरली. कोपऱ्यात लाल पेनाचा ठिपका. माझाच. महिन्याभरापूर्वी पार्लरवालीच्या मशीनमधून मी ती काढली होती, रबरानं घासली, एकदा लावून पाहिली, एकदा चालली, आणि चांगल्या डब्यात टाकून दिली. तुम्हाला सांगितलंही नाही.

ती तेव्हाच सापडली असती तर मंगळवारी संध्याकाळी मशीन तयार होती. बुधवारी अडवायला माझ्याकडे कारणच नव्हतं. तुम्ही सकाळच्या बसनं गेले असते. मी रात्रंदिवस हा हिशोब लावते आणि तो दर वेळी तिथंच येऊन थांबतो.

आणि दुसरंही. घरी येऊन मी कपाटातला तो शिबिरातला कागद काढला. तुमच्या नावाचा, गेल्या सालचा, एकदा चांगला आलेला. आपण दोघं मेकॅनिक माणसं. गिऱ्हाईक म्हणालं, "गेल्या साली तं चालत होतं," तर आपण त्याच्या पाठीमागे हसायचो. आणि तुमच्या बाबतीत मी तेच केलं. एकदा चांगलं आलं म्हणजे चांगलंच आहे. मी तो कागद फाडायला घेतला, पण त्यावर तुमची रेघ आहे, वर-खाली होणारी, जिवंत असतानाची. फाडवला नाही. बाकी मला कशाचाच धीर राहिला नाही. सकाळी उठायचं कशासाठी, हे मला कोणी सांगत नाही. जे सांगतात ते सगळे "काळ हेच औषध" सांगतात. त्यांच्या काळाला आग लागो.

आज दुपारी दुकान बंद करून घरी गेले. आई अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेजारच्या काकू नुकत्याच उठून गेल्या होत्या, म्हणजे "माह्या लेकानं आयकलं नाही" आजचं एकदा होऊन गेलं होतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "आई, ते हट्टी नव्हते. त्या दिवशी सकाळी ते म्हणाले होते, यवतमाळला दाखवून येतो. मीच म्हटलं, काम झालं की जा." मी सगळं सांगितलं. टाळी वाजवल्याचंही सांगितलं. वाटलं, त्या ओरडतील, छाती पिटतील, घरातून जा म्हणतील. मनातून मी त्याचीच वाट पाहून राह्यले होते. त्यांचे हात थांबले. सोललेले दाणे मांडीवर तसेच.

मग त्यांनी हळूच विचारलं, "कुठं दुखत होतं वं त्याले? छातीत का पाठीत? लय दुखत होतं का?"

दुकानात कोणाची मशीन आली की मी दहा गोष्टी विचारते. कधीपासून होते, आवाज येते का, गरम होते का. तुम्ही दोन दिवस माझ्यासमोर होते. मंगळवारी भिंतीला टेकले, बुधवारी काउंटरशी येऊन उभे राहिले, आणि मी तुम्हाला एक प्रश्न विचारला नाही. गॅस आहे, हे मीच ठरवलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, उत्तराची वाट पाहत, आणि मी सांगितलं, "मी विचारलंच नाही, आई."

कुठं दुखत होतं हो तुम्हाला?